लेनर्ड चेशायर : बाँबफेकी वैमानिक ते रुग्णांचा सेवक



संतांची आणि सत्पुरुषांची चरित्रे आपण वाचतो तेव्हा अनेकदा वाटते, की ही माणसे जन्मापासूनच देवाची होती, आपल्यासारख्यांना ते कसे जमणार? म्हणून आज एका वेगळ्या माणसाची ओळख करून घेऊ. हा माणूस धर्मगुरू नव्हता, व्रतस्थ नव्हता, तरुणपणी फारसा धार्मिकही नव्हता. तो लढाऊ शिपाई होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने शंभर वेळा शत्रूच्या मुलखावर बाँबफेकी विमान नेले. नागासाकीवर अणुबाँब पडला तेव्हा तो ढग त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. आणि पुढे याच माणसाने आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या, अपंग, कुष्ठरोगी आणि टाकून दिलेल्या माणसांसाठी घरे उघडण्यात घालवली. इंग्लंडबाहेरचे त्यांचे पहिले घर आपल्या मुंबईत, अंधेरीला उभे राहिले. त्यांचे लग्नही मुंबईतच लागले. त्यांचे नाव ग्रुप कॅप्टन लेनर्ड चेशायर.

बालपण आणि शिक्षण

जेफ्री लेनर्ड चेशायर यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजी इंग्लंडमधील चेस्टर या शहरात झाला. त्यांचे बालपण मात्र ऑक्सफर्डजवळ गेले. वडील कायद्याचे नामवंत प्राध्यापक होते आणि कायद्यावरील त्यांचे ग्रंथ विद्यार्थी पुष्कळ वर्षे वापरत होते. घर सुखवस्तू होते, आईवडील प्रेमळ होते. घरचा धर्म अँग्लिकन होता, पण तरुण लेनर्डचे मन त्यात फारसे रमले नाही.

स्टो येथील शाळा संपवून लेनर्ड ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात कायदा शिकायला गेला. अभ्यासापेक्षा वेगवान मोटारी, मित्रमंडळी, पैज आणि पार्ट्या यांतच त्याचा वेळ अधिक जाई. खिशात पैसा टिकत नसे. एकदा एका मित्राने अर्ध्या पाइंट बियरची पैज लावली, की खिशात चार नाणी घेऊन पॅरिसपर्यंत जाऊन दाखव. लेनर्डने ती पैज जिंकली. धाडसाची हौस आणि आपले नाव व्हावे ही इच्छा त्याच्यात भरपूर होती. पुढे हीच हौस देवाने वेगळ्या कामाला लावली.

१९३६ साली लेनर्ड जर्मनीत पॉट्सडॅम येथे एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याच्या कुटुंबात राहिला होता. त्या वेळी हिटलरच्या एका सभेला तो गेला. सारा जमाव हात उंचावून सलामी देत असताना या इंग्रज मुलाने हात वर केला नाही. त्या वयात त्याला राजकारण किती कळत होते हे बाजूला ठेवू. पण गर्दीत एकटे पडायला तो घाबरत नव्हता, एवढे यातून दिसते.

कॉलेजात असतानाच तो विद्यापीठाच्या हवाई पथकात दाखल झाला आणि विमान चालवायला शिकला. १९३९ मध्ये पदवी मिळाली, त्याच वर्षी युद्ध सुरू झाले आणि लेनर्ड चेशायर रॉयल एअर फोर्समध्ये अधिकारी झाले.

बाँबफेकी वैमानिक

जून १९४० मध्ये त्यांची नेमणूक १०२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये झाली. व्हिटली नावाची दोन इंजिनांची जुन्या धाटणीची विमाने त्यांच्याकडे होती. रात्रीच्या अंधारात समुद्र ओलांडून जर्मनीवर जायचे, खालून तोफांचा मारा चालू असताना लक्ष्य शोधायचे, बाँब टाकायचे आणि परत यायचे, असे ते काम. परत येणे हे कुणाच्याच हाती नव्हते. ब्रिटनच्या बाँबर कमांडमध्ये संपूर्ण युद्धात सुमारे १,२५,००० वैमानिक व विमानसेवक होते. त्यांतले ५५,५७३ मारले गेले. म्हणजे दर दहा जणांत चार-साडेचार जण घरी परतले नाहीत. बहुतेकांचे वय विशी-बाविशीचे होते.

नोव्हेंबर १९४० च्या एका रात्री कोलोन परिसरावर हल्ला करत असताना चेशायर यांच्या विमानाला तोफगोळ्याचा तडाखा बसला. विमानाच्या आतच प्रकाशाचा बाण पेटला, आग लागली आणि विमानाच्या कुशीला बारा फूट लांबीचे भगदाड पडले. बिनतारी संदेश पाठवणारा कोवळा मुलगा भयंकर भाजला होता, तरी आपल्या यंत्राशी जाण्यासाठी धडपडत होता. सहकाऱ्यांनी आग विझवली. चेशायर यांनी ते फाटलेले विमान कित्येक तास उडवत इंग्लंडला परत आणले. या कामगिरीबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हे मोठे शौर्यपदक मिळाले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. पुढे हेच पदक त्यांना आणखी दोनदा मिळाले.

१९४१ मध्ये ते हॅलिफॅक्स या चार इंजिनांच्या मोठ्या विमानांवर गेले. त्याच वर्षी अमेरिकेत गेले असताना त्यांनी कॉन्स्टन्स बिनी या चित्रपट अभिनेत्रीशी घाईने लग्न केले. ते टिकले नाही आणि १९५१ मध्ये घटस्फोट झाला. त्यांचा धाकटा भाऊ ख्रिस्तोफर हाही बाँबफेकी वैमानिक होता. ऑगस्ट १९४१ मध्ये त्याचे विमान पाडले गेले आणि तो जर्मनांच्या कैदेत पडला. घरातले दोन्ही मुलगे असे आगीत. आईवडिलांनी त्या रात्री कशा काढल्या असतील, याची कल्पना आपल्यापैकी ज्यांची मुले सैन्यात आहेत त्यांना येईल.

ऑगस्ट १९४२ मध्ये ते ७६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे प्रमुख झाले. हॅलिफॅक्स विमाने जड असल्यामुळे शत्रूच्या हाती लागतात हे त्यांच्या ध्यानात आले, तेव्हा त्यांनी अनावश्यक भाग काढून विमाने हलकी केली. जमिनीवर काम करणाऱ्या मेकॅनिकांची, विमान पुसणाऱ्या पोरांचीसुद्धा नावे त्यांना पाठ असत. थंडीत उभ्या असलेल्या साध्या शिपायाची ते आपुलकीने विचारपूस करीत. माणसाला नावाने हाक मारणे ही त्यांची सवय पुढे रुग्णांच्या घरांतही दिसली.

एप्रिल १९४३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते ग्रुप कॅप्टन झाले. इतक्या लहान वयात हा हुद्दा त्यापूर्वी कुणाला मिळाला नव्हता. त्यांना एका मोठ्या तळाचा प्रमुख नेमले गेले. काम कार्यालयातले होते, जिवाला धोका नव्हता. पण त्यांना ते रुचेना. त्यांनी स्वतःहून आपला हुद्दा एका पायरीने खाली आणून घेतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध ६१७ स्क्वॉड्रनची सूत्रे घेतली. याच पथकाने मे १९४३ मध्ये जर्मनीची धरणे फोडली होती. पद सोडून धोका मागून घेणारी माणसे जगात थोडी असतात.

कारखान्यातल्या स्त्रिया

या काळातली एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. रात्रीच्या बाँबफेकीत निम्म्याहून अधिक बाँब भलतीकडे पडत आणि निरपराध माणसे मरत. चेशायर यांनी उपाय शोधला. एका वैमानिकाने आधी अगदी खाली जाऊन लक्ष्यावर रंगीत प्रकाश टाकायचा आणि मागच्या विमानांनी त्या प्रकाशावरच नेम धरायचा. यात पुढे जाणाऱ्याचा जीव सर्वाधिक धोक्यात. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री फ्रान्समधील लिमोज येथे विमानाची इंजिने बनवणाऱ्या एका कारखान्यावर हल्ला करायचा होता. कारखाना जर्मनांसाठी चालत होता, पण रात्रपाळीला आत काम करत होत्या त्या फ्रेंच स्त्रिया. चेशायर यांनी आपले अवजड लँकेस्टर विमान कारखान्याच्या छपरांवरून अगदी खालून तीन वेळा नेले. बाँब टाकला नाही. हेतू एकच, आतल्यांना इशारा मिळावा आणि त्यांनी पळून जावे. कामगार बाहेर पळाले. चौथ्या खेपेला त्यांनी प्रकाश टाकला आणि मग मागच्या विमानांनी कारखाना उद्ध्वस्त केला. शत्रूला सावध करून आपला धोका वाढवणारा हा निर्णय होता. पण खाली माणसे आहेत, हे ते विसरले नाहीत.

पुढे एप्रिल १९४४ मध्ये म्युनिकवरील हल्ल्यात मॉस्किटो हे लहान विमान घेऊन शोधदिव्यांच्या झोतांतून आणि तोफांच्या माऱ्यातून ते सुमारे सातशे फुटांपर्यंत खाली उतरले. ६ जून १९४४ च्या आधीच्या रात्री, दोस्तांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी, त्यांच्या पथकाने समुद्रावर ठरावीक चकरा मारत धातूच्या चकचकीत पट्ट्या टाकल्या. जर्मन रडारवर त्यामुळे दुसऱ्याच दिशेने जहाजांचा तांडा येत असल्याचा भास झाला. त्याच महिन्यात मस्टँग नावाचे लढाऊ विमान त्यांच्या हाती आले. ते त्यांनी पूर्वी कधीच चालवले नव्हते, तरी त्याच दिवशी ते घेऊन मोहिमेवर गेले आणि रात्रीच्या अंधारात सुखरूप उतरवले.

जुलै १९४४ मध्ये शंभर मोहिमा झाल्यावर वरिष्ठांनी त्यांना सक्तीने थांबवले. सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हा सन्मान बहुधा एखाद्या एकाच पराक्रमासाठी मिळतो. चेशायर यांना तो चार वर्षे सतत दाखवलेल्या धैर्यासाठी मिळाला. राजवाड्यात पदक घेताना त्यांच्यासोबत नॉर्मन जॅक्सन हा साधा सार्जंट होता. त्याने उडत्या विमानाच्या पंखावर जाऊन आग विझवण्याचा प्रयत्न केला होता. चेशायर यांनी राजाला विनंती केली, की या माणसाने माझ्यापेक्षा अधिक धोका पत्करला आहे, पदक आधी त्याला द्यावे. शिष्टाचारामुळे ते झाले नाही, पण जॅक्सन ती गोष्ट आयुष्यभर विसरला नाही.

नागासाकी

त्यानंतर काही काळ चेशायर यांची नेमणूक कलकत्त्यात झाली आणि मग अमेरिकेत. तिथून एका कामासाठी त्यांची निवड झाली, आणि त्या कामाने त्यांच्या आयुष्याला मोठा हादरा दिला. जपानवर टाकल्या जाणाऱ्या दुसऱ्या अणुबाँबचे ब्रिटनच्या वतीने साक्षीदार म्हणून त्यांना पाठवण्यात आले.

९ ऑगस्ट १९४५. निरीक्षकांचे विमान ठरलेल्या जागी इतर विमानांना भेटू शकले नाही, त्यामुळे ते बऱ्याच अंतरावर राहिले. तेथूनही तो प्रचंड ढग वर चढताना चेशायर यांनी पाहिला. खाली नागासाकी होते. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत तेथे सुमारे ७०,००० माणसे मरण पावली.

बंधू-भगिनींनो, नागासाकी हे जपानमधील कॅथोलिकांचे माहेरघर. तिथल्या उराकामी भागातील ख्रिस्ती कुटुंबांनी छळाच्या काळात अडीचशे वर्षे, धर्मगुरू नसताना, लपूनछपून श्रद्धा जपली होती. बाँब त्यांच्या कॅथेड्रलपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर फुटला. सहा दिवसांवर पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण होता आणि भाविक पापनिवेदनासाठी मंदिरात आले होते. मंदिर कोसळले. उराकामीच्या धर्मग्रामातील हजारो श्रद्धावंत त्या दिवशी गेले. वर आकाशातून पाहणारा तो इंग्रज अधिकारी तेव्हा कॅथोलिक नव्हता. तीन वर्षांनी तो त्याच ख्रिस्तसभेचा सदस्य होणार होता.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगितली पाहिजे. चेशायर यांनी युद्धातील आपला सहभाग कधी नाकारला नाही. हिटलरला थांबवणे आवश्यक होते आणि अणुबाँबमुळे युद्ध लवकर संपून पुष्कळ जीव वाचले, असे त्यांचे मत अखेरपर्यंत राहिले. आपण बाँब टाकले म्हणून पश्चात्तापाने सेवाकार्य सुरू केले, असे लोक म्हणत तेव्हा ते तसे नाही म्हणून सांगत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट सांगितले, की संपूर्ण शहरे त्यांतल्या रहिवाशांसह सरसकट नष्ट करणे हा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध अपराध आहे. त्यामुळे त्यांचे हे मत आपण स्वीकारलेच पाहिजे असे नाही. एखाद्या माणसाचा आदर करताना त्याची प्रत्येक गोष्ट बरोबर ठरवण्याची गरज नसते. पण एवढे मात्र खरे, की तो ढग पाहिल्यावर चेशायर यांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. युद्ध जिंकण्यासाठी माणसे एवढी मेहनत, एवढी बुद्धी, एवढा पैसा आणि एवढा त्याग एकत्र आणू शकतात, तर शांतीसाठी का नाही?

अपयश आणि आर्थर

जानेवारी १९४६ मध्ये ते सैन्यातून बाहेर पडले. युद्धातून परतलेल्या माणसांनी एकत्र राहावे, एकत्र कष्ट करावे अशी एक वसाहत त्यांनी काढली. हॅम्पशायरमधील ल कोर्ट नावाचा मोठा वाडा त्यांनी आपल्या मावशीकडून विकत घेतला. पण ही योजना फसली. भांडणे झाली, पैसा संपला, कर्ज झाले, चेशायर आजारी पडले. १९४८ च्या सुरुवातीला त्यांच्याकडे उरले ते रिकामे मोठे घर आणि डोक्यावरचे कर्ज. देशाचा लाडका वीर एकतीस वर्षांचाही नव्हता आणि त्याच्यापुढे काही मार्ग दिसत नव्हता.

अशा वेळी त्यांना गावच्या इस्पितळातून निरोप आला. त्यांच्या वसाहतीत राहिलेला आर्थर डाइक्स नावाचा माणूस कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. इस्पितळाला खाट रिकामी हवी होती आणि आर्थरला घ्यायला कुणी तयार नव्हते. आपण मरणार आहोत हे आर्थरला कुणी सांगितलेही नव्हते. बरा होईपर्यंत चाकांचे छोटे घर उभे करायला थोडी जागा द्या, एवढेच तो मागत होता. चेशायर यांनी त्याच्या उशाशी बसून खरे काय ते सांगितले आणि त्याला म्हटले, की माझ्या घरी चल.

नर्स ठेवायला पैसे नव्हते. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या या माणसाने मग स्वतः आर्थरला अंघोळ घालणे, कपडे बदलणे, भांडे उचलणे, भरवणे सारे शिकून घेतले. थोड्याच दिवसांत अंथरुणाला खिळलेली नव्वदीच्या पुढची एक आजी आली. मग आणखी कुणी आले. कुणी मदत मागायला, कुणी मदत करायला. पैसा कुठून येई कळत नसे, पण अगदी शेवटच्या घडीला येई. ऑगस्ट १९४८ मध्ये आर्थर वारला तेव्हा त्या घरात चोवीस माणसे राहत होती.

आर्थर हा श्रद्धेपासून दूर गेलेला कॅथोलिक होता. आजारपणात तो परत प्रभूकडे वळला. संस्कार स्वीकारून तो शांतपणे मेला. त्याची ती शांती चेशायर यांनी जवळून पाहिली. आर्थरनंतर त्या घरात एक पुस्तक त्यांच्या हाती पडले. अँग्लिकन धर्मोपदेशक असलेले व्हर्नन जॉन्सन कॅथोलिक कसे झाले, ते त्यात सांगितले होते. चेशायर यांनी ते वाचले, विचार केला, शिकवण घेतली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, २४ डिसेंबर १९४८ रोजी, त्यांचा कॅथोलिक ख्रिस्तसभेत स्वीकार झाला.

पाहा, चेशायर आर्थरला मदत करायला गेले होते. पण खरे देणे आर्थरने दिले. ज्याच्याकडे खाट नव्हती, घर नव्हते, आयुष्याचे चार महिनेही नव्हते, त्याने एका वीराला प्रभूचा रस्ता दाखवला.

अंधेरीचे बेथलेहेम हाऊस

घरांची संख्या वाढू लागली. कॉर्नवॉलमध्ये दुसरे घर उघडले. पण १९५२ मध्ये चेशायर यांनाच क्षयरोग झाला. दोन वर्षांहून अधिक काळ ते मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये होते, अनेक शस्त्रक्रिया झाल्या. आता ते स्वतः अंथरुणावर होते आणि दुसरे कुणी त्यांचे भांडे उचलत होते. या काळात तुरीन येथील पवित्र कफनाविषयी त्यांची भक्ती वाढली. त्या वस्त्रावर दिसणारा जखमी चेहरा ते रुग्णांच्या चेहऱ्यांत पाहू लागले. आपण पडून असतानाही घरे चालू राहिली, वाढली, हेही त्यांनी पाहिले. काम आपले नाही, प्रभूचे आहे, हा धडा त्यांना तिथे मिळाला.

बरे होताच १९५५ च्या सुमारास ते भारतात आले. मुंबईत अंधेरीला, महाकाली लेण्यांच्या रस्त्याला त्यांनी परदेशातले आपले पहिले घर सुरू केले. तेव्हा तो भाग झाडाझुडपांचा होता, आजची वस्ती नव्हती. घराला नाव दिले बेथलेहेम हाऊस. ज्या गावी मरिया-योसेफांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्या गावाचे नाव. ज्यांना कुठेच जागा नाही त्यांच्यासाठी हे घर. त्यानंतर देशात दिल्ली, कलकत्ता, बंगळूर, मद्रास अशी अनेक ठिकाणी चेशायर होम्स उभी राहिली.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक घर तिथल्याच लोकांच्या समितीने चालवायचे. जात, धर्म विचारायचा नाही. घर म्हणजे इस्पितळ नाही. इथे राहणारा माणूस रुग्ण म्हणून नव्हे, तर घरचा म्हणून राहील. त्याला जे जे स्वतः करता येईल ते करू द्यायचे, निर्णयात त्याला विचारायचे. अपंग माणसाला दया नको असते, मान हवा असतो, हे चेशायर यांनी त्या काळी ओळखले.

५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये त्यांचा विवाह स्यू रायडर यांच्याशी झाला. तो ईस्टरनंतरचा पहिला रविवार होता. आज आपण तो दैवी दयेचा रविवार म्हणून पाळतो. स्यू रायडर यांनी महायुद्धात पोलंडच्या गुप्त सैनिकांसोबत काम केले होते आणि छळछावण्यांतून वाचलेल्या निराधारांसाठी त्या स्वतःची संस्था चालवत होत्या. त्याही कॅथोलिक झाल्या होत्या. दोघांनी मिळून डेहराडून येथे राफेल हे केंद्र उभारले. बरे करणाऱ्या देवदूताचे हे नाव. कुष्ठरोगी, क्षयरोगी आणि मतिमंद मुले यांना तिथे आसरा मिळाला. या जोडप्याला एक मुलगा व एक मुलगी झाली. घर साधे होते, प्रवास फार होता, आणि स्वतःसाठी राखून ठेवलेले फारसे काही नव्हते.

अखेर

१९८१ मध्ये ब्रिटनच्या राणीने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान दिला आणि १९९१ मध्ये ते लॉर्ड झाले. युद्धांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ आपद्ग्रस्तांना मदत करणारा एक जागतिक निधी त्यांनी म्हातारपणी उभा केला. आयुष्याच्या शेवटी त्यांना मज्जासंस्थेचा असाध्य आजार झाला. हातपाय एकेक करून साथ सोडू लागले. ज्यांची त्यांनी सेवा केली, त्यांच्यापैकीच एक होऊन ते चाकांच्या खुर्चीत बसले. तरी भेटायला येणाऱ्यांशी ते स्वतःच्या आजाराविषयी नव्हे, इतरांच्या गरजांविषयी बोलत. त्या वर्षीच्या नाताळच्या भाषणात राणीनेही त्यांची ही आठवण सांगितली. ३१ जुलै १९९२ रोजी सफोकमधील कॅव्हेंडिश या गावी ते प्रभूच्या घरी गेले. त्या वेळी जगातल्या सुमारे पन्नास देशांत त्यांची अडीचशेहून अधिक घरे होती. पत्नी स्यू रायडर २ नोव्हेंबर २००० रोजी, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, निवर्तल्या.

आपल्यासाठी

प्रिय बंधू-भगिनींनो, चेशायर गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आपल्या लातूर-उस्मानाबादच्या मातीने भूकंप पाहिला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे गेली. देशभरातून मदत आली, धान्य आले, कपडे आले, नवी गावे बांधली गेली. पण ज्यांचा पाय गेला, ज्यांचा कणा मोडला, त्यांच्यासाठी भूकंप त्या पहाटे संपला नाही. मदतीचे ट्रक परत गेल्यावरही त्यांना कुणीतरी उठवून बसवावे लागत होते, रोज, वर्षानुवर्षे. चेशायर यांचे काम नेमके इथे सुरू होते. एका दिवसाचे शौर्य पुष्कळांना जमते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉससुद्धा एका दिवसाच्या शौर्यासाठी मिळाला नाही, चार वर्षांच्या टिकून राहण्यासाठी मिळाला.

आपल्या मुरुडमध्ये आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर असे आर्थर नाहीत का? मुले कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली, आणि घरात एकटी आजी खाटेवर. लकवा झालेला बाप. जन्मतः अपंग मूल, ज्याला पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवतात. आपण मिस्साला येतो, त्यांना येता येत नाही. त्यांच्याकडे कोण जाते? फादर आणि सिस्टर जातात, ते त्यांचे काम, असे म्हणून आपण मोकळे होतो.

चेशायर यांनी सुरुवातीला संस्था काढली नाही, निधी जमवला नाही, सभा घेतली नाही. त्यांनी एका माणसाला घरी आणले. त्यांची सगळी घरे त्या एका खाटेपासून सुरू झाली. शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला काय विचारणार आहे, ते संत मत्तयच्या शुभवर्तमानात आपण अनेकदा ऐकले आहे. आजाऱ्याचा समाचार घेतला का, हा त्यातला एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर कुणाच्या मोठ्या कामाने भरून निघत नाही. ते प्रत्येकाला स्वतःच द्यावे लागेल.

तेव्हा या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने आपल्या वस्तीतल्या एका अंथरुणावरच्या माणसाकडे जावे. हातात काही नसले तरी चालेल. थोडा वेळ बसावे, नावाने हाक मारावी, त्याचे ऐकावे. ज्यांना ख्रिस्तशरीर घरी हवे आहे, ज्यांना रुग्णाभ्यंग संस्कार घ्यावयाचा आहे, त्यांची नावे फादरांना कळवावीत. आणि घरातच असे कुणी असेल, तर त्यांची सेवा करणाऱ्या सुनेला किंवा लेकीला एक दिवस विश्रांती द्यावी. तिचेही कुणी विचारत नाही.

हे प्रभो, तू लेनर्ड चेशायर यांना युद्धाच्या आकाशातून एका मरणाऱ्या माणसाच्या उशाशी आणलेस. आम्हालाही आमच्या कामाच्या धांदलीतून तुझ्या दुखणाईत लेकरांच्या उशाशी आण. युद्धात मेलेल्या सर्वांना, दोन्ही बाजूंच्या, चिरशांती दे. आणि ज्यांना कुठेच जागा नाही, त्यांच्यासाठी आमच्या घरात आणि मनात जागा कर. आमेन.